कृष्णाकाठचा उन्हाळा: म्हशीचं दूध निम्म्यावर आणि वडील भर दुपारी रानात

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही पुण्यात नोकरीला. आई-वडील रायबाग तालुक्यात कृष्णाकाठच्या गावात. गोठ्यात दोन पंढरपुरी म्हशी आणि एक एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित गाय. होळीनंतर दूध उतरत उतरत निम्म्यावर आलंय. कुणी पत्र्याच्या शेडला पाण्याचं धुकं सोडणारा फॉगर बसवा म्हणतंय, कुणी एक म्हैस काढून टाका म्हणतंय. त्यातच सहासष्ट वर्षांचे वडील भर दुपारी उसाला पाणी पाजायला जातात, सांगून ऐकत नाहीत. म्हणून दोन महिने दोघांनाही पुण्याला आणावं का, असं तुम्ही विचारलंय.

मी चिक्कोडी, रायबाग, अथणी या पट्ट्यात जनावरांचा डॉक्टर म्हणून काम करतो. मार्च ते जून या काळात मला येणारे बरेचसे फोन असेच असतात. तुम्ही लिहिलेले तीन प्रश्न मला वेगवेगळे दिसत नाहीत. दुपारी बारा ते चार या वेळात तुमच्या गोठ्याजवळ कुणीच नसतं, हा खरा प्रश्न आहे. वडील पाण्याच्या मोटारीवर, आई सकाळपासून राबून थोडी टेकलेली, आणि जनावरं पत्र्याखाली. नेमकी त्याच चार तासांत त्यांना माणसाच्या हाताची गरज असते. त्यामुळे आधी दिवसाची घडी बदला, शेडचा खर्च नंतर बघू.

सल्ला देण्याआधी काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या सांगतो. आपला बेळगाव जिल्हा एकसारखा नाही. खानापूर, कणकुंबीकडे झाडी आहे. बेळगाव शहर समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंचीवर, तिथे संध्याकाळी वारं सुटतं आणि जनावर रात्रीत निवतं. रायबाग, अथणी, गोकाक ही पूर्वेची बाजू सखल आणि उघडी. एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर जातो आणि काळं रान रात्री उशिरापर्यंत धग सोडत राहतं. त्यामुळे बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या पाहुण्यांनी त्यांच्या गोठ्याचा अनुभव सांगितला, तर तो तुमच्याकडे जसाच्या तसा लागू पडेलच असं नाही. दुसरं म्हणजे पाणी. नदीवरून पाणी उपसायची लिफ्ट आहे, विहीर आहे की बोअर, हे तुम्ही लिहिलेलं नाही. नदी खाली गेली की काठावरच्या मोटारींच्या लाइटवर निर्बंध येतात आणि कोयनेचं पाणी सुटणार का, ही चर्चा पारावर सुरू होते. अशा आठवड्यांत जनावरांच्या पाण्याची वेगळी सोय हवीच. तिसरं, आणि सगळ्यात महत्त्वाचं: म्हशी व्यायल्या कधी?

हे विचारायचं कारण सांगतो. आपल्याकडच्या बऱ्याच म्हशी पावसाळा ते दिवाळी या काळात वितात. म्हणजे चैत्र उजाडेपर्यंत त्यांच्या वेताला सहा-आठ महिने होऊन गेलेले असतात. या टप्प्यावर दूध उतरणं हा निसर्गाचा भाग आहे. त्यात ती पुन्हा गाभण असेल तर आणखी उतरणार. तेव्हा सगळा दोष उन्हाच्या माथी मारू नका. भाद्रपदात व्यालेली म्हैस चैत्रात निम्म्यावर आली, तर मी फारसा घाबरणार नाही. माघात व्यालेली निम्म्यावर आली, तर दुसऱ्याच दिवशी गोठ्यात येऊन बघेन. गाभण आहे की नाही हेही तपासून घ्या. उन्हाळ्यात म्हशी मुका माज दाखवतात. ती ओरडत नाही, सोट (मागून गळणारा चिकट स्राव) पडलेला पहाटे दिसला तर दिसला, दिवसा काहीच कळत नाही. मग माज गेला, महिना गेला, आणि पुढचं वेत लांबलं असं होतं.

आता ऊन नक्की काय करतं ते बघा. म्हशीची कातडी काळी, केस विरळ, आणि घामाच्या ग्रंथी गाईपेक्षा खूप कमी. उष्णता आत भरपूर शिरते आणि बाहेर जायला वाट थोडी. म्हणून तिला डुंबायला लागतं. पाणी नाही मिळालं तर ती आपल्याच मुतात-शेणात लोळते, आणि तिथूनच सडाचा, कासेचा त्रास सुरू होतो. दुसरी बाजू पोटाची. वैरण पोटात कुजते, आंबते, तेव्हा स्वतःच उष्णता तयार करते. खाल्ल्यावर काही तासांनी ही आतली धग सगळ्यात जास्त असते. सकाळी दहाला कडबा टाकला, तर बाहेरचं ऊन आणि पोटातली धग दुपारी एकाच वेळी चढतात. जनावराला हे कळतं, म्हणून ते खाणंच कमी करतं. खाणं कमी, की दूध कमी. मग घरातली माणसं काळजीपोटी सरकी पेंड वाढवतात. वैरण कमी आणि पेंड जास्त झाली की पोट बिघडतं आणि फॅटही घसरतं. डेअरीत फॅटवर दर मिळतो, त्यामुळे नुकसान दुहेरी होतं.

यावर उपाय बिनखर्चाचा आहे. दिवसभराच्या वैरणीतला निदान दोन तृतीयांश भाग सूर्य मावळल्यावर आणि पहाटे द्या. रात्री नऊला गव्हाण भरून ठेवा, ती सकाळपर्यंत निवांत खाईल आणि रवंथ करेल. सकाळची वैरण साडेआठच्या आत संपली पाहिजे. दुपारी द्यायचंच असेल तर हिरवं, थोडं, कुट्टी करून. मीठ रोज मूठभर, साधारण ३० ते ४० ग्रॅम, आंबोणात (पेंड-भुशाच्या खुराकात) घाला, खनिज मिश्रण वेगळं.

वाड्याबद्दल, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांबद्दल, एक स्वतंत्र गोष्ट. कारखाना बंद व्हायच्या सुमारास वाडं स्वस्त मिळतं आणि लोक महिनाभर फक्त त्यावरच जनावरं ठेवतात. वाड्यात ऑक्झलेट असतं, ते शरीरातलं कॅल्शियम बांधून ठेवतं. दुभत्या जनावराला ते परवडत नाही. वाडं द्यायचं तर कडब्यात मिसळून द्या आणि कुट्टीवर चुन्याची निवळी शिंपडा. रात्री चुना पाण्यात भिजवून ठेवायचा, सकाळी वरचं निवळलेलं पाणी घ्यायचं, तळाचा गाळ नाही.

पाण्याकडे येतो, कारण तुमचं निम्मं उत्तर तिथेच आहे. दुभत्या म्हशीला या दिवसांत ७०-८० लिटर पाणी सहज लागतं, कधी त्याहून जास्त. घरोघरी विचारलं की उत्तर येतं, "पाणी भरपूर आहे की डॉक्टर, टाकी भरलेली आहे." मी दुपारी दोन वाजता त्या टाकीच्या तोटीखाली हात धरायला लावतो. उन्हात ठेवलेल्या काळ्या प्लास्टिकच्या टाकीतलं पाणी त्या वेळी अंघोळीच्या पाण्याइतकं तापलेलं असतं. म्हैस बादलीत तोंड घालते, नाकानं फुंकर मारते आणि मान वळवते. घरच्यांना वाटतं तिला तहान नाही. तहान असते, पाणी नको असतं. कुडचीकडच्या एका घरात मी एवढंच करायला लावलं होतं: चिंचेखाली सिमेंटचा छोटा हौद, वरून शेवऱ्यांचा मांडव, आणि नळीवर गुंडाळलेलं ओलं पोतं. शेडमध्ये काहीही बदल केला नाही. आठवडाभरात तिथल्या म्हशी दुपारची वैरण पुन्हा तोंडात घ्यायला लागल्या. दूध सगळं परत आलं नाही, पण घसरण थांबली. दिवसातून चार वेळा पाणी दाखवा. सकाळ-संध्याकाळ सगळेच दाखवतात. दुपारी एक ते दोनच्या दरम्यानची वेळ चुकते, आणि मोलाची तीच असते.

अंग भिजवणंही याच वेळेला. अकरा, एक आणि तीन वाजता नळीनं किंवा बादलीनं पाणी केसांवरून ओघळून न जाता कातडीपर्यंत पोचेल असं मारायचं. मान, पाठ, कुशी. त्यानंतर वारं लागलं पाहिजे, कारण थंडावा पाणी वाळताना मिळतो, नुसतं ओलं राहून मिळत नाही. याच कारणासाठी मी तुम्हाला फॉगर सध्या बसवू नका म्हणतोय. एप्रिलच्या कोरड्या हवेत, सगळ्या बाजूंनी उघड्या आणि पंखे असलेल्या शेडमध्ये फॉगर चांगलं काम करतो. तुम्ही पाठवलेल्या फोटोत शेड दोन बाजूंनी भिंतीनं बंद आहे आणि पत्रा माणसाच्या डोक्याला लागेल इतका खाली. त्यात धुकं सोडलं की हवा दमट होईल, वाळणं थांबेल, आणि जनावराला धाप लागेल. मे महिन्यात वळीव झाल्यावर तर हवा आधीच दमट असते.

ते पैसे असे वापरा. पश्चिमेची भिंत वरून तीन-चार फूट उतरवून तिथे जाळी किंवा ओली पोती लावा. पत्र्याला वरून चुन्याचे दोन हात द्या, त्यात थोडा फेविकॉल घाला म्हणजे पहिल्या पावसात धुऊन जाणार नाही. एक मोठा पंखा लावा. पत्र्यावर पाचट (उसाचा वाळलेला पाला) टाकायची पद्धत आहे आणि तिनं गारवा खरंच येतो, पण वायरिंग जुनं असेल तर टाकू नका. उन्हाळ्यात गोठे जळण्यात शॉर्टसर्किट आणि वाळलं पाचट यांची जोडी फार वाईट. आणि राहिलेल्या पैशातून दोन महिन्यांसाठी दुपारी दोन तास येणारा एक माणूस ठेवा. पाणी दाखवायचं, अंग भिजवायचं, शेण ओढायचं, एवढंच काम. माझ्या मते तुमच्या गोठ्यात या घडीला सगळ्यात जास्त फायदा या माणसाचा होईल.

नदीवर डुंबायला न्यायचा विचार असेल तर जपून. कृष्णेत मगरी आहेत, आणि पाणी कमी झालं की त्या डोहात गोळा होतात. जनावरं आणि त्यांच्यामागे पाण्यात उतरणारी पोरं, दोघांनाही धोका. गावातली माणसं जिथे रोज उतरतात तिथेच, उथळ जागी, आणि अंधार पडायच्या आधी परत.

तुमच्या तीन जनावरांत मला सगळ्यात जास्त काळजी गाईची वाटते. एचएफचं रक्त थंड मुलखातलं. पण तिच्या बाबतीत एक फसगत नेहमी होते, ती टाळा. गाय धापते, खात नाही, दूध आटतं, आणि सगळे म्हणतात ऊन लागलं. उन्हाळ्यातच गोचीड वाढतात, आणि गोचिडांमुळे होणारा थायलेरियाचा ताप संकरित गाईंना याच दिवसांत गाठतो. दोन्ही दुपारी सारखेच दिसतात. ओळखायची साधी रीत आहे. थर्मामीटर आणा आणि पहाटे पाचला, रात्रभर निवल्यावर, गुदद्वारात लावून ताप मोजा. गाईचं नेहमीचं तापमान साधारण १०१-१०२ फॅरनहाइट असतं. नुसतं ऊन बाधलं असेल तर पहाटेपर्यंत ते खाली यायला हवं. पहाटेही १०४ असेल तर ते ऊन नाही, आजार आहे. मग खांद्याच्या पुढे, मानेच्या मुळाशी बोटं दाबून बघा. तिथली गाठ सुजून हाताला लिंबासारखी लागली, तर त्याच दिवशी डॉक्टर बोलवा. थायलेरियात दोन दिवसांचा उशीर जनावर घेऊन जातो. सरकारी फिरत्या दवाखान्याचा नंबर १९६२. पलीकडून कन्नडमध्ये बोलतील. आई-वडिलांना बोलता येत असेलच, नाहीतर शेजारच्या एखाद्या शाळकरी पोराला आधीच सांगून ठेवा.

आता वडिलांचं. ते हट्टी आहेत म्हणून दुपारी जात नाहीत. थ्री फेज लाइट त्या वेळेला येते म्हणून जातात. आपल्याकडे शेतीला दिवसाचे ठरावीक तासच थ्री फेज मिळते, तीही पाळीनं, कधी दिवसा तर कधी रात्री. लाइट बाराला आली आणि ऊस वाळायला लागला असेल, तर कुठलाही शेतकरी घरात बसणार नाही. म्हणून "दुपारी जाऊ नका" म्हणण्यात अर्थ नाही. दुपारी तिथे करावं लागणारं काम कमी करा.

सरीत पाचट पसरलेलं असेल तर ओल टिकते आणि पाळ्या लांबतात. एक आड एक सरी पाणी दिलं तरी उन्हाळ्यात ऊस तग धरतो. सरीत पाणी वळवायची दारं सकाळी सातलाच बांधून ठेवायची, म्हणजे लाइट आल्यावर मोटर चालू करून बांधावरच्या झाडाखाली बसता येतं आणि तासाभरानं दार मोडायला उठायचं. मोबाइलवरून चालणारा स्टार्टर बसवा, पण मोटर कोरडी पळाली तर आपोआप बंद पडेल असाच घ्या. नदी किंवा विहीर खाली गेलेली असताना साध्या ऑटो स्टार्टरवर मोटारी जळतात. लाइट रात्रपाळीची असेल तर ऊन टळतं, पण घोणस आणि मण्यार याच दिवसांत पाटाच्या ओलीला येतात. गमबूट, चांगली बॅटरी आणि सोबत कुणीतरी हवंच. माझं मत विचाराल, तर सहासष्टाव्या वर्षी एकट्यानं रात्री पाणी पाजण्यापेक्षा दिवसाची पाळी नीट बसवून घेणं बरं.

मी माणसांचा डॉक्टर नाही, म्हणून थोडंच लिहितो. वडिलांना बीपीची गोळी असेल तर त्यात लघवी वाढवणारं औषध आहे का, हे त्यांच्या डॉक्टरांना उन्हाळा धरून एकदा विचारा. रानात जाताना मीठ घातलेलं ताक किंवा आंबील बरोबर असू द्या. नुसत्या चहावर दुपार काढायची सवय इकडच्या बऱ्याच म्हाताऱ्या माणसांना असते, ती मोडा. बोलणं असंबद्ध झालं, अंग तापलेलं आणि चक्कर येतेय, असं दिसलं की सावलीत आडवं करायचं, अंगावर पाणी ओतून वारा घालायचा आणि १०८ ला फोन करायचा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालायचं नाही.

पुण्याला आणावं का? मला विचाराल तर नको. म्हशी हात ओळखतात. तुमच्या आईच्या हाताला पान्हा सोडणारी म्हैस परक्या माणसाला सोडेलच असं नाही, आणि दोन महिने धार नीट निघाली नाही तर ती आटून जाईल. फ्लॅटमध्ये बसून रोज फोनवर गोठ्याची विचारपूस करणारे आई-वडील मी पाहिलेत, त्यांना ना विश्रांती मिळते ना झोप. त्यांची तब्येत मुळातच नाजूक असेल, तर मात्र गोष्ट वेगळी, मग जनावरांचा विचार नंतर. तसं नसेल तर तुम्ही महिन्यातून एक-दोनदा जा आणि दुपारी बारा ते चार स्वतः गोठ्यात बसा. फोनवर जे कळत नाही ते तिथे कळेल.

म्हैस विकायची घाई करू नका. वैरण टंचाईच्या दिवसांत विकणारे जास्त आणि घेणारे कमी, त्यामुळे पडत्या भावात जाते. पाऊस होऊन रान हिरवं झालं की तेच जनावर चांगलं दिसतं आणि चांगल्या भावात जातं. ती गाभण निघाली तर विकायचा प्रश्नच उरत नाही.

राहिला वळीव. पहिल्या वळवानं सगळ्यांना हायसं वाटतं, पण गोठ्यातले काही धोके तिथूनच सुरू होतात. शाळू (रब्बी ज्वारी) काढलेल्या रानात खोडांना कोवळे फुटवे येतात. हिरवं दिसलं की लोक जनावरं सोडतात, आणि त्या फुटव्यांनी किराळ लागते. त्यात सायनाइडचं विष असतं. पोटभर खाल्लेलं जनावर अर्ध्या-एक तासात धापा टाकत आडवं होतं, आणि औषधाचं इंजेक्शन वेळेत मिळालं नाही तर वाचत नाही. फुटवे गुडघ्याच्या वर, पोटऱ्यात येईपर्यंत त्या रानात जनावर घालायचं नाही, हे राखणाऱ्या पोराला बजावून सांगा. कडब्याची गंजी एप्रिलातच ताडपत्रीनं झाका. भिजून बुरशी आलेला कडबा गाभण म्हशीला अजिबात नको. आणि विजा चमकायला लागल्या की जनावरं झाडाखाली बांधून ठेवू नका. दिवसा सावली देणारी ती चिंच संध्याकाळच्या वळवात धोक्याची जागा असते.

घटसर्प आणि फऱ्या या जनावरांच्या रोगांची लस मे महिन्यात टोचून घ्या. अंगात ताकद तयार व्हायला दोन-तीन आठवडे लागतात, म्हणून रोहिणी निघायच्या आधीच नाव नोंदवा, मृगाचा पाऊस सुरू झाल्यावर पळापळ नको. आमच्या पट्ट्यात कर्नाटकी बेंदूर ज्येष्ठी पौर्णिमेला असतो. त्या दिवशी अंघोळ घालून शिंगं रंगवायच्या आधी लसी झालेल्या असाव्यात, असं मी सगळ्यांना सांगतो.

तुम्ही आता एवढं करा. आज फोनवर आईला विचारून दोन्ही म्हशींच्या विण्याचे महिने, शेवटचं रेतन कधी झालं आणि घरी पाणी कुठून येतं, हे इथेच लिहा. गाईचा ताप उद्या आणि परवा पहाटे मोजायला सांगा आणि आकडे टाका. ते बघून म्हशींच्या आंबोणाचं प्रमाण मी नेमकं सांगतो. गाईचा आकडा दोन्ही दिवस १०३ च्या वर आला तर माझ्या उत्तराची वाट बघू नका, जवळच्या दवाखान्यातून डॉक्टर बोलवा.